कलमातला पीळ आणि आपलं भांडण

प्रमिला,

शोकसभेत मी बोलले नाही. माझं नाव पुकारलं, मी उभीही राहिले, पण माझ्या आधी तिघांनी तू किती शांत, किती मितभाषी होतीस ते सांगितलं होतं. शांत! तू! मला एकदम हसू फुटेल असं वाटलं. पदर तोंडाशी धरून मी खाली बसले. सगळ्यांना वाटलं, रडून राहिली. ते काही चूक नव्हतं म्हणा.

तुझ्याशी मी जेवढं भांडले तेवढं नवऱ्याशीही भांडले नाही. त्यामुळे आता इथे लिहितेय. तुझं शिक्षण, तुझ्या नोकरीची वर्षं, तुझ्या पदव्या, ते सगळं त्यांनी सांगून झालं. माझ्याकडे उरलंय ते आपलं भांडण. तेही अर्धं.

तुला आठवतं का, ते कुठून सुरू झालं? तुझे काटोलकडचे मामा एसटीनं नागपूरला आले होते, खांद्यावर बारदान. बारदानात संत्र्याच्या झाडाचं मोडलेलं बूड. वादळात त्यांच्या बागेतली झाडं पडली, पण मुळासकट नाही, फांद्याही तुटल्या नाहीत. जंबेरी लिंबाच्या खुंटावर जिथे संत्र्याचा डोळा बांधला होता, नेमक्या त्या सांध्यावर मोडली. फळ्यावरचा खडू मोडावा तशी, सपाट. "चांगली फळावर आलेली झाडं पोरी," मामा म्हणाले होते, "वरून एकदम ठणठणीत. मंग आतमधी काय झालं, ते तुमच्या दुर्बिणीतून दिसते का पाहा ना." तू ते बूड दुसऱ्या दिवशी कॉलेजात घेऊन आलीस आणि स्टाफरूमच्या टेबलावर माझ्या डब्याशेजारी ठेवलंस. तू वनस्पतिशास्त्राची, मी गणिताची. तोवर आपण फक्त डब्यातल्या भाज्या वाटून खायचो. माझी सांभारवडी तुला, तुझ्या आईच्या भिवापुरी मिरचीचा ठेचा मला.

"हे काय आणलं वं?" मी विचारलं.

"पीएचडी," तू म्हणालीस.

आणि खरंच तेच झालं. जुनं झाड कापून कळणार नव्हतं, म्हणून तू मामांकडून कोवळी कलमं आणलीस, काही नीट धरलेली, काही सांध्यावर मोडलेली. झाडाच्या लाकडात बारीक नळ्या असतात, त्यांतून मुळाचं पाणी वर चढतं. खालच्या जंबेरीच्या नळ्या वरच्या संत्र्याच्या नळ्यांना सांध्यावर कशा भेटतात, ते तुला पाहायचं होतं. त्यासाठी सांधा मेणात बसवायचा, मायक्रोटोमच्या पात्यावर खालून वर असे पातळ पातळ काप काढायचे, प्रत्येक काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मला हे तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तू समजावलंस, "पोळ्यांची चवड असते ना? तिच्या मधातून एक खिळा तिरपा घुसला आहे असं समज. एकेक पोळी पाहिली तर तुले फक्त एक एक भोक दिसंल. खिळा तिरपा आहे का सरळ, ते चवड पुन्हा रचल्याबिगर कळत नाही."

चवड पुन्हा रचणं, तिथेच सगळी गोम होती. काप एकमेकांना चिकटून अखंड फीत आली असती तर अर्धं काम सोपं. पण लाकूड ते. फीत तुटायची, काप सुटा व्हायचा आणि कोमट पाण्यावर टाकला की स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. मग कोणता काप कोणत्या बाजूला तोंड करून होता, कोणाला ठाऊक? त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात तुझं मेण पात्यावर चढायच्या आधीच नरम पडायचं. तू सकाळी उजाडताच प्रयोगशाळेत जायचीस, पाण्याच्या मडक्यात ठोकळे गार करायचीस, आणि ऊन चढलं की सगळं झाकून दुपारी चित्रं काढत बसायचीस. सूक्ष्मदर्शकावर बसवलेल्या त्या छोट्या आरशातून कापाचं चित्र कागदावर पडल्यासारखं दिसायचं आणि तू त्यावरून पेन्सिल फिरवायचीस. ट्रेसिंग पेपरचा ढीग. मग खिडकीच्या काचेवर एकावर एक कागद धरून, डोळे बारीक करून, फिरवून फिरवून जुळवायचीस आणि टाचणी टोचायचीस.

एक दिवस मला बोलावलंस. काचेवर कागदांची जाड थप्पी, मागून ऊन. "पाह्य," म्हणालीस. खालच्या कागदापासून वरच्यापर्यंत नळ्यांचे ठिपके हळूहळू सरकत गेले होते. दोरीला पीळ घालावा तशा नळ्या सांध्याशी वळल्या होत्या. जे कलम चांगलं धरतं त्यात पीळ नसल्यासारखाच होता. जे मोडतं त्यात होता. तुझा चेहरा असा झाला होता की मला तुझा हात धरावासा वाटला. धरलाही.

तुझ्या मार्गदर्शक सरांनी मात्र थप्पी पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "प्रमिलाबाई, हा पीळ झाडाचा कशावरून? तुमच्या हाताचा नसेल कशावरून? हे प्रकरण काढून टाका. बाकीचा प्रबंध पुरेसा आहे." सर वाईट नव्हते. त्यांचा प्रश्न रास्त होता, हे तूही रडून झाल्यावर मान्य केलंस. पण प्रकरण काढायला तयार झाली नाहीस. "मामाले काय सांगू मंग?" म्हणालीस. "बाकीचं पुरेसं आहे म्हणून?"

तेव्हा मी मधे पडले.

त्या वर्षी मला संगणकाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. शहरातल्या एका संस्थेत मोठं यंत्र आलं होतं आणि सुटीच्या दुपारी आम्हा शिकणाऱ्यांना त्यावर बसू देत. खोली थंडगार. नागपूरच्या मे महिन्यात अंगावर शाल घेऊन बसायची ती एकच जागा होती. मी तुला म्हटलं, तुझ्या हातावर संशय आहे ना, तर हात काढून टाकू. जुळवणी यंत्राला करू दे. तू विचारलंस, "त्याले डोळे कुठे आहेत?" मी म्हटलं, डोळे तू दे, आकडे मी घेते.

मला तो पहिला महिना अजून सगळ्यात लाडका वाटतो. आपण दोघीही नवशिक्या होतो, मी यंत्राच्या बाबतीत आणि तू माझ्या. तुझी चित्रं आलेखाच्या कागदावर ठेवून आपण ठिपक्यांचे आकडे वाचायचो. तू वाचायचीस, मी लिहायची. ठरवलं होतं की पहिला काप हलवायचा नाही, तो पाया. दुसरा काप यंत्रानं आधी फिरवायचा, मग सरकवायचा, आणि पहिल्याच्या ठिपक्यांवर याचे ठिपके जितके जवळ बसतील तितके बसवायचे. ताणायचं नाही, दाबायचं नाही. मला सगळे काप एकदम यंत्राच्या पोटात घालायची घाई. तू म्हणालीस, "आधी तीन घाल. तीन जमले तं तीनशे जमतील." तीन घातले. यंत्रानं मोठ्या कागदावर चांदणीच्या खुणा मांडून चित्र छापून दिलं. त्यात तिसरा काप पार उलटा बसला होता, डोकं खाली पाय वर. तू इतकी हसलीस की तिथल्या साहेबांनी काचेतून डोकावून पाहिलं. माझं एक उणे चिन्ह चुकलं होतं. ते सुधारलं, आणि पुढच्या रविवारी तीन काप एकावर एक असे बसले की एकच चित्र वाटावं.

आपण बर्डीवर जाऊन तर्री-पोहे खाल्ले होते त्या दिवशी. तुझ्या नाकातून पाणी येत होतं तरी तू आणखी तर्री मागितलीस.

मग आपण सगळे काप दिले. आणि पीळ नाहीसा झाला.

छापील कागद मी तुझ्यासमोर पसरला तेव्हा तू त्यावर वाकलीस. नळ्या सरळ. भाताच्या काड्यांसारख्या सरळ. चांगल्या कलमातही सरळ, मोडक्या कलमातही सरळ. मी तुला हळूच म्हटलं, "सर बरोबर होते म्हणायचं का?" मला खरंच वाईट वाटत होतं. आणि माझं यंत्र चाललं म्हणून आतून थोडा आनंदही होत होता.

तू बोट ठेवलंस. "नंदे, हे आकडे कशाचे घेतले आपण? कोणते ठिपके धरून काप फिरवले?"

"मोठ्या नळ्यांचे. त्याच ठळक दिसतात."

"हं. म्हणजे ज्या नळ्यांचा पीळ शोधायचा, त्याच नळ्या धरून तू काप फिरवून राहिली. नळी उजवीकडे गेली की तुहं यंत्र अख्खा काप डावीकडे फिरवते अन् म्हणते, सरळ आहे! मंग पीळ दिसंल कुठून?"

मी गणिताची. मला हे आधी दिसायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण दोघींनी मिळून ते ठिपके निवडले होते, आणि दिसलं तेव्हा तुला दिसलं. मी मात्र हटले नाही. मी म्हटलं, यंत्र पीळ पुसतं हे कबूल. पण म्हणून तुझा हात पीळ घालत नाही असं ठरत नाही. तू म्हणालीस, घे परीक्षा. घेतली. कलम न केलेलं, सरळसोट वाढलेलं जंबेरीचं रोप तू कापलंस, चित्रं काढलीस, खिडकीच्या काचेवर जुळवलीस. थप्पी झाली तेव्हा आपण दोघींनी एकदमच पाहिलं. थोडासा, पण पीळ होता. उजवीकडे.

"माहा हात फिरते," तू म्हणालीस. एवढंच. टाचण्या एकेक काढल्यास, डबीत ठेवल्यास. नंतर तीन-चार दिवस तू डबा खायला स्टाफरूममध्ये आली नाहीस.

मी तुझ्या घरी आले. इंदोऱ्याच्या त्या गल्लीत मी पहिल्यांदाच येत होते. तुझी आई गच्चीवर मिरच्या वाळवत होती आणि तू पायरीवर बसून केस विंचरत होतीस. तू तर आमच्या घरी कधीची यायला लागली होतीस. पहिल्यांदा आलीस तेव्हा उंबऱ्यापाशीच थांबलीस, चप्पल काढूनही आत पाऊल टाकेनास, माझ्या सासूबाई आतून ओरडल्या, "आत ये वं, पंखा आतमधी आहे!" तेव्हा तू माझ्याकडे जे पाहिलंस ते मी विसरले नाही. त्याबद्दल आपण दोघी कधी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं का? मला वाटायचं, तुला हवं असेल तर तू बोलशील. कदाचित तुलाही माझ्याबद्दल तेच वाटत असेल.

त्या दिवशी पायरीवर मी तुला सांगितलं की तुझा हात चुकीचा आणि माझं यंत्रही चुकीचं, कारण दोघं झाडालाच विचारून राहिले की झाड सरळ आहे का. बाहेरची काहीतरी खूण हवी. झाडाची नसलेली. मेणात झाडाशेजारी काहीतरी सरळ ताणून बसवायचं, म्हणजे प्रत्येक कापात त्याचा ठिपका येईल, आणि यंत्रानं फक्त ते ठिपके जुळवायचे.

"दोरा," तू म्हणालीस.

दोऱ्याचे पात्याखाली धागे पिंजले. मासे धरायची तंगूस आणली, ती कापातून निसटून यायची. मग एक दिवस प्रयोगशाळेत तू ठोकळा माझ्यासमोर धरलास. मेणात झाडाच्या देठाच्या तिन्ही बाजूंना काळ्या बारीक रेघा.

"हे काय?"

"केस. माहे." तू वेणी पुढे घेऊन दाखवलीस. "चांगले कापल्या जातात. काळे ठिपके, रंग द्यायचंही काम नाही."

"तीन कशाला? दोन खुणांवर काप पक्का होतो. गणित आहे."

"तिसरा तू खोटी निघाली तं कळायसाठी."

तुझा केस आता प्रत्येक काचेवर आहे प्रमिला. कपाटातल्या खोक्यांमध्ये. परवा विभागप्रमुखांनी विचारलं, या स्लाइड कोणाकडे द्यायच्या. मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

सगळं पुन्हा केलंस तू. नवी कलमं, नवे ठोकळे, नवे काप. दोन उन्हाळे गेले त्यात. सर म्हणत, कशाला. तुझा भाऊ खापरखेड्याहून सुटीला आला की म्हणे, कशाला. मीही एकदा म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि पात्याला धार लावत राहिलीस. शेवटी यंत्रातून कागद आला. त्या दिवशी तू खुर्चीवर बसायला तयार नव्हतीस, माझ्या मागे उभी राहून कागद जसजसा बाहेर येईल तसतसा वाचत होतीस. चांगल्या कलमात नळ्या सरळ. मोडणाऱ्या कलमात पीळ.

होता! पीळ होता. पण तुझ्या थप्पीत दिसला होता त्याच्या निम्माच.

सरांनी कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. चष्मा काढला, पुसला. "हं," म्हणाले. "ठेवा. प्रकरण ठेवा." आणि तुला बसायला स्वतःची खुर्ची दिली. तोंडी परीक्षेच्या दिवशी तुझ्या आईनं पांढरं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसायचा हट्ट धरला आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी निकाल सांगायच्याही आधी.

मामांना आपण दोघी जाऊन सांगून आलो. बागेतच खाट टाकून बसलो होतो. तू काडी घेऊन मातीत चित्र काढलंस. मामांनी ऐकलं. "म्हंजे झाड आतून पिरगळलं असते."

"हो मामा."

"मंग रोप घेताना ते बाहेरून कसं ओळखाचं?"

तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. "ते नाही माहीत," तू म्हणालीस. मामा जोरात हसले आणि आपल्याला पोतं भरून संत्री दिली. एवढं करून आपण कोणाची बाग वाचवली नाही, हे मला तू गेल्यापासून दोनदा आठवलं. आणि दोन्ही वेळा तुझा तो मामांसमोरचा चेहरा आठवून बरं वाटलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणालीस. सजवून सांगितलं नाहीस.

भांडण मात्र तिथून खरं पेटलं. निम्मा का? मी म्हणे, उरलेला निम्मा तुझ्या हाताचा होता, परीक्षेत दिसलाच की. तू म्हणायचीस, नाही. मेण थंड होताना कडेनं आधी घट्ट होतं, मधे आकसतं. झाडाच्या बाजूला ताणलेला केसही त्याच्यासोबत वळत असेल, आणि तेवढा पीळ यंत्र पुसून टाकत असेल. "केस सरळ आहे हे तुले कोणी सांगतलं? तुहा पायाच वाकडा असंल तं?" मी म्हणे, सिद्ध कर. तू म्हणायचीस, तू सिद्ध कर. डब्यावर, बसस्टॉपवर, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला भर पाहुण्यांत. माझे यजमान म्हणायचे, या दोघी कोणत्या केसाबद्दल बोलतात?

आणि मग तुझ्या काखेत गाठ आली.

दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल ऐकायला आपण दोघी गेलो. आईला आणायचं नाही म्हणालीस. डॉक्टर तरुण होते, बिचारे खाली बघून बोलत होते. तू त्यांना पूर्ण बोलू दिलंस आणि म्हणालीस, "स्लाइड पाहू शकते का मी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दाखवा, ती यातलीच आहे.

तू स्टुलावर बसलीस. डावा डोळाही उघडाच ठेवून बघायची तुझी सवय. फोकस हळूच फिरवलास. काच थोडी डावीकडे, थोडी वर. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"रंग छान बसला आहे," तू म्हणालीस. मग तू डोळा न काढताच म्हणालीस, "पण हा तर एकच काप आहे. एका कापावरून काय कळते? पुढचे पाहायले पाहिजे."

डॉक्टर खूप हळू म्हणाले, "मॅडम, याच्यासाठी एक पुरतो."

तू मान हलवलीस. दिवा बंद केलास, काच काढून त्यांच्या हातात दिलीस, कडेला धरून, बोटाचा ठसा न उमटवता. रिक्षात बसल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस. सदरच्या दवाखान्यापासून इंदोऱ्यापर्यंत ते तसंच राहिलं. गल्लीच्या तोंडाशी उतरताना म्हणालीस, "रविवारी येजो. केसाचं राहिलं आहे आपलं."

मी दर रविवारी आले. तुझे उपचार चालू होते तेव्हाही, आणि मग बंद झाले तेव्हाही. कधी छापील कागदांची गुंडाळी घेऊन, कधी नुसतीच. तुझी आई चहा ठेवायची आणि आपलं सुरू व्हायचं. तू उशीला टेकून बसायचीस, आवाज खोल गेला होता, पण "नंदे, हे चूक आहे" म्हणताना त्याला धार यायची. तुझे केस गेले तेव्हा डोक्याला रुमाल बांधून म्हणालीस, "आता नवे ठोकळे बनवायचे तं तुह्या केसाचे बनव. पाहू, तुहे तरी सरळ राहतात का." मी हसले आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. आई तिथे ओट्याला टेकून उभी होती. तिनं मला पाणी दिलं.

शेवटच्या काही आठवड्यांत मी तुला न सांगता एक काम केलं. सगळे जुने आकडे पुन्हा काढले. दोन केसांवर काप बसवायचा आणि तिसरा केस त्याच्या जागेपासून किती चुकतो ते पाहायचं. तू त्याच्यासाठीच तर तिसरा घातला होतास. टोकांना तिसरा केस जागेवर होता. मधे, सांध्याच्या आसपास, तो बाजूला सरकत गेला होता. एकदा नाही, पिळाच्या प्रत्येक कलमात, प्रत्येक ठोकळ्यात. म्हणजे केस वळत होते. पाया वाकडा होता. किती, ते मला अजून नीट मांडता आलेलं नाही, पण तुझं म्हणणं खोटं नव्हतं. माझा निम्मा पीळ हा पूर्ण पीळ नव्हता.

कागद गुंडाळून मी त्या रविवारी आले. तू झोपली होतीस. आई म्हणाली, "आत्ताच डोळा लागला वं तिचा. उठवू का?" मी म्हटलं, नका उठवू, पुढच्या रविवारी सांगीन. तुझ्या पायांवरची चादर नीट केली, तू किंचित पाय हलवलास, आणि मी निघाले.

बुधवारी तुझा भाऊ कॉलेजात आला. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते.

तुझ्या घरी त्रिशरण म्हटलं तेव्हा मी आईच्या शेजारी बसले होते. मला शब्द येत नव्हते, मी मागून मागून म्हणत होते. लोक गेल्यावर मी निघू म्हटलं तर आईनं हात धरला. म्हणाली, बस. मग चहा ठेवला, रविवारी ठेवायची तसाच, आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली.

"एक इचारू का पोरी? तुम्ही दोघी एवढ्या भांडत होत्या. मले त्यातलं काई समजे नाई. केस केस म्हणा. त्यात शेवटी खरं कोणाचं होतं?"

"तिचं," मी म्हटलं. "आई, तिचंच खरं होतं. मला सांगायचं राहिलं तिला."

आईनं माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, पण तुझ्यासारखीच ती भुवई वर चढली.

"काहून खोटं बोलतं? मले माहीत हाय ना. तिनंच सांगतलं होतं मले, दिवाळीच्या आधी. म्हणे, माय, खरं तं नंदाचंच हाय. मी उगीच ताणून राहिली." आईनं कपातला चहा बशीत ओतला, तो प्यायली नाही. "मी म्हटलं, मंग सांगून टाक ना तिले. तं म्हणे, नोको माय. तिले सांगू नोको. भांडण मिटलं तं ती रविवारची येईन का?"

प्रमिला, मी आले असते वं.